विल्फचा खोकला

“वाफ्यात वाकलेला माणूस कोण आहे असं वाटलं तुम्हाला, मिस्टर हेडली?”

कथबर्ट हेडलीने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. ‘कुणी चोर असेल,’ एवढंच म्हणायचं होतं. सकाळी खालच्या खोलीत त्याच्या वकीलबाईंनी सगळं उलगडून सांगितलं होतं. “काय बोला ते मी सांगू शकत नाही. कायदा काय म्हणतो तेवढं सांगते. माणसाची चूक झाली तरी चालते, फक्त ती प्रामाणिक हवी. अनोळखी माणूस अंगावर येतोय असं तुम्हाला खरंच वाटलं असेल, तर त्या समजुतीवरूनच तुमचं फावडं तोललं जाईल. ओळखून मारलं असेल, तर तुरुंग.”

पोलिसांपुढे त्याने तोंडच उघडलं नव्हतं. आता उघडायचं होतं.

त्या कोळशाच्या गावात माणसं दोनच गोष्टींसाठी जगत. एक खाण, ती बंद पडली. दुसरा लीक, कांद्याचा हा गोरा, लठ्ठ चुलतभाऊ. सप्टेंबरात क्लबात त्यांचं प्रदर्शन भरे. त्याआधी रात्री-अपरात्री कुणी येऊन लीक चिरून जाई, म्हणून धडधाकट माणसं बायका सोडून वाफ्याशेजारी झोपत. कथबर्टचा त्या वर्षीचा लीक मांडीएवढा होता. पाद्रीबुवांची मांजर त्याच्या सावलीत व्यायली म्हणतात. खोटं वाटत असेल तर पिल्लं अजून गावात आहेत. दर वर्षी कथबर्ट पहिला आणि शेजारच्या वाफ्याचा विल्फ डॉड दुसरा. दर वर्षी विल्फ टाळ्याही वाजवायचा.

त्याच विल्फचं कोपर फावड्याने फुटलं होतं. ‘गारा पडतील म्हणून कथबर्टचे लीक झाकायला गेलो होतो,’ अशी साक्ष देऊन तो आता मागच्या बाकावर टोपी चुरगळत बसला होता.

“मिस्टर हेडली?” बाईंनी पुन्हा विचारलं.

“विल्फ आहे असं वाटलं.”

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. सरकारी वकील तर उठताना जवळजवळ हसलेच. “चेहरा दिसला?”

“नाही. खोकला ऐकला. खाणीत दिवा विझला की मी त्याच खोकल्यामागून बाहेर यायचो, साहेब. तो ओळखू येणार नाही होय?”

“म्हणजे मित्र आहे हे ठाऊक असूनही मारलंत?”

“तोवर फावडं निघालं होतं.”

“थांबवता आलं नसतं?”

“आलं असतं कदाचित.”

“त्याच्या हातात काही होतं?”

प्रेक्षकांत बसलेली डोरीन, कथबर्टची बायको, पुढे सरकली. विल्फ कोसळल्यावर मदत यायच्या आत कथबर्टने गवतातून काय उचलून कोटात लपवलं, ते तिला ठाऊक होतं. कोट तीच झटकायची. ‘सांगून टाक ना रे, मुखदुर्बळा!’ असं ती नुसत्या डोळ्यांनी ओरडत होती.

“मला काही दिसलं नाही,” कथबर्ट म्हणाला.

“सुरी होती!” मागून आवाज फुटला आणि त्यापाठोपाठ खोकल्याची उबळ. विल्फ उभा होता. “सुरी होती माझ्या हातात, गाढवा! चिरायलाच आलो होतो तुझा लीक. का उगाच मरतोयस माझ्यापायी?”

“खाली बस रे, विल्फ,” कथबर्ट कळवळून म्हणाला. “क्लबवाले बसलेत इथं.”

न्यायमूर्तींनी मग विल्फला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. कोटातली सुरी डोरीनने स्वयंपाकघरातून आणून दिली, ती विल्फचीच निघाली. तरी प्रश्न उरलाच: आपली वस्तू वाचवायला माणूस बळ वापरू शकतो, पण प्रसंगाला साजेल एवढंच. एका भाजीसाठी कोपर?

ज्युरी आत गेली. थोड्या वेळाने तिची चिठ्ठी बाहेर आली. न्यायमूर्ती दूर दक्षिणेकडचे, लीकचं वेड नसलेल्या मुलखातले; त्यांनी ती दोनदा वाचली. “ज्युरी विचारतेय की लीकचा घेर किती होता.” चष्मा काढून ते म्हणाले, “याचा खटल्याशी संबंध नाही.”

क्लबवाल्यांनी मात्र श्वास सोडला. ज्युरी गावाकडचीच होती.

कथबर्ट सुटला. विल्फचं नाव क्लबच्या मानाच्या फळीवरून खरवडलं गेलं, आणि गल्लीत लोक त्याला पाहून रस्ता ओलांडू लागले.

तो लीक कथबर्टने उपटलाच नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात त्याला फुलांचं बोंड आलं, बोंडावर केसासारखी बारीक रोपं फुटली. असलं वाण माणूस सख्ख्या भावालाही देत नाही. त्यानंतरच्या वसंतात एका संध्याकाळी रोपांचा ट्रे घेऊन कथबर्ट विल्फच्या फाटकातून आत शिरला. फाटकाशीच उपड्या बादलीवर विल्फ बसला होता. कोपर सरळ होत नव्हतं.

“मला कुठं प्रदर्शन आता?” तो म्हणाला.

“मग सूप कर. दुसरा येणाऱ्याचं सूप तरी काय डोंबलाचं बरं होणार!”

विल्फ हसला आणि खोकू लागला. कथबर्ट गुडघे टेकून एकेक रोप लावत गेला. शेवटच्या ओळीपर्यंत चांगलंच अंधारलं. वाट दिसेना. तो उठला, गुडघे झटकले आणि खोकल्याच्या रोखाने फाटकाकडे चालू लागला.