तिसऱ्यांदा

डॉक्टरांनी संध्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

“पाणी साठलंय अंगात. बीपी एकशे ऐंशी. लघवीची गोळी रोज घेता ना?”

“मीच देतो, साहेब,” तिचा नवरा पुंडलिक म्हणाला. “रोज सकाळी हिच्या हातावर ठेवतो. एक दिवस नाय चुकवला.”

“गोळी घेऊनही एवढी सूज? मग किडनी तपासावी लागेल. आजच ॲडमिट करू.”

पुंडलिकनं खुर्चीचा हात पकडला. त्याचा धाकटा भाऊ किडनीनंच गेला होता. भावाला हर्सूलहून डायलिसिसला पुंडलिकच आणायचा. नवऱ्याचे ओठ पांढरे पडलेले संध्यानं पाहिले. तिला आधीच श्वास पुरत नव्हता.

“गोळी मी घेतच नाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?” डॉक्टरांनी विचारलं.

“महिना झाला. गालात धरते अन् बस आली की थुंकते. चितेगावला पॅकिंगला जाते मी. आठ तासांत दोनदाच सोडतात बाथरूमला. गोळी घेतली की लई घाई होते. एकदा तर लाइनवरच...” तिनं ओढणी गुडघ्यांवर ओढली.

“मला का नाय सांगितलं?”

“तुम्ही काम सोडायला लावलं असतं.”

पुंडलिकनं खुर्चीचा हात सोडला.

“चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “रोज एकच. पण रोज.”

दवाखान्यात ठेवून केलेल्या किडनीच्या तपासण्या ठीक आल्या. चार दिवसांनी सूज उतरली, श्वास मोकळा झाला. पुढच्या सोमवारी सकाळी पुंडलिकनं गोळी हातावर ठेवली. संध्यानं ती गिळली आणि त्याला दिसावं म्हणून तोंड उघडलं.

“राहू दे,” म्हणत त्यानं मान फिरवली.

कंपनीत अकरा वाजेपर्यंत ती दोनदा बाथरूमला जाऊन आली होती. साडेअकराला ओटीपोट पुन्हा तटतटलं. तिनं हातातला खोका खाली ठेवला.

“संध्याताई, दोनदा झालं तुमचं,” सुपरवायझर अतुल म्हणाला. “नाव लिहू का?”

 कामावरून काढलं तर? ती उठली. दाराकडं चालू लागली.

मागून अतुलनं पुन्हा हाक मारली. ती थांबली नाही. तेवढ्यात मागं लाइनवर आणखी एका बाईचं स्टूल सरकल्याचा आवाज आला, अन् पावलं दाराकडं येऊ लागली.