एका हाताने केलेलं सूप

तिला सगळे ड्रायव्हरबाईच म्हणायचे. उभी हयात तिने शहरातली मोठी बस चालवली. अरुंद गल्लीत समोरून ट्रक आला तर मागे घ्यायची पाळी ट्रकवाल्यावर यायची. निवृत्तीनंतर अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात रुसला तो रुसलाच. बोटं हलायची, पण पकडीत जोर म्हणून नाही.

धाकट्या भावाने मग सगळा कारभार ताब्यात घेतला. दोन्ही वेळचा डबा त्याच्या घरून येऊ लागला, मऊ आणि मिळमिळीत. "ताई, एका हाताने कापाकापी नको," म्हणत त्याने सुऱ्या, किसणी, सगळं पिशवीत भरून नेलं. आणि आता परस्पर ठरवूनही टाकलं होतं, की रविवारी तिला आपल्याकडे न्यायचं, कायमचं.

रविवारी सकाळी तिने भाजीवाल्याकडून अख्खा लाल भोपळा मागवला.

"कापून देऊ का?" दारात त्याने विचारलं.

"नको. मी बघते त्याच्याकडे."

भोपळा टॉवेलात गुंडाळून तिने दातांनी गाठ आवळली आणि बाथरूमच्या फरशीवर आपटला. त्याने दाद दिली नाही. तिने पुन्हा आपटला, मग दात-ओठ खाऊन असा हाणला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. भोपळा फुटून त्याचे तुकडे झाले.

साल काढायच्या भानगडीत ती पडलीच नाही. बिया चमच्याने खरवडल्या, तुकडे सालासकट पातेल्यात टाकले, सोबत वरवंट्याने ठेचलेला कांदा, लसूण, मीठ आणि बुडेल इतकं पाणी. शिजल्यावर एखाददुसरा तुकडा सोडला तर गर सालापासून सहज सुटला. तो निवल्यावर मिक्सरमध्ये घातला आणि झाकणावर डावं कोपर टेकवलं. "एवढं तरी कर," ती त्याला म्हणाली. कोपराने केलं. क्रीमचं पाकीट दातांनी फाडताना थोडं गाऊनवर सांडलं, बाकीचं सुपात गेलं. वरून मिरपूड.

सूप पुन्हा गरम होत होतं, तेवढ्यात भाऊ रिकामी बॅग घेऊन आला. जमिनीवर बिया, ओट्यावर केशरी शिंतोडे.

"ताई, हे काय करून ठेवलंस?"

"सूप."

"काही झालं असतं म्हणजे?"

"झालं ना. सूप झालं."

तो हसला नाही. "दार तोडून तुला उचललं ते मी. तुला तसं पडलेलं मी पाहिलंय," तो हळूच म्हणाला.

तिने गॅस बारीक केला. "तू घाबरलास, ठाऊक आहे मला. मीही घाबरले होते. पण तुझ्याकडे येऊन मी नुसती बसून राहणार नाही."

"आयुष्यभर बसूनच तर काम केलंस."

"हातात स्टिअरिंग होतं."

तिने वाडगा भरून त्याच्यापुढे सरकवला. त्याने एक घोट घेतला, मग दुसरा.

"साल लागतंय."

"बाजूला काढ आणि खा."

त्याने वाडगा रिकामा केला. बॅग काखेत मारून तो दाराशी गेला.

"पुढच्या रविवारी पुन्हा बोलू."

"ये की. जेवायलाच ये," ती म्हणाली. "बॅग मात्र आणू नकोस."