वरच्या मजल्यावरची आत्या

शाळेत आत्या म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हे भिंगरीला पहिल्याच दिवशी पढवून ठेवलं होतं. तरी दुसरीच्या भरल्या वर्गात ती हमखास विसरायची. "आत्या, यानं माझं खोडरबर घेतलं!" म्हणून ओरडायची. वर्ग खो खो हसायचा आणि बाई डोळे वटारायच्या.

भिंगरी हे नाव तिच्या आईनं ठेवलं होतं, पोरगी एका जागी म्हणून ठरत नव्हती त्यावरून. आई गेल्या वर्षी आजारपणात गेली. मग घरात उरले बापलेक. बाप इलेक्ट्रिशियन, स्वभावानं अबोल. बाई त्याची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं, त्याच घराच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. पोरीची वेणी घालणं, डबा भरणं सगळं त्याच बघत. अलीकडे मात्र भिंगरी स्वतःच तयार होऊन दारात उभी राहायला लागली होती. मोठी झाली आता, असं बाईंना वाटलं होतं.

त्या दिवशी चित्रकलेचा तास होता. उकाडा मरणाचा. पंखे गरगरत होते आणि भिंगरी स्वेटर घालून बसलेली.

"काढ तो, रंगानं माखशील."

"नको. थंडी वाजते."

"काहीतरीच काय!" म्हणत बाईंनी हसत तिची बाही वर सरकवली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. दंडावर वायरीचे वळ होते. काही पिवळे पडलेले, काही ताजे.

शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आपल्या वर्गावर लक्ष ठेवायला सांगून त्या तिला वाचनालयाच्या खोलीत घेऊन गेल्या. खाली सतरंजीवर बसल्या. "काय झालं गं हे?"

भिंगरीनं बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढला. मग म्हणाली, "बाईंना सांगू की आत्याला?"

"आत्याला सांग."

"तुला माहितीये की. बाबा टीव्ही मोठा करतात ना, तेव्हा. मग तू वरून ठोकतेस आणि ते थांबतात."

कितीतरी संध्याकाळी खालचा टीव्ही कर्कश व्हायचा. वह्यांचा ढीग तपासता तपासता बाई वैतागून झाडूचा दांडा जमिनीवर आपटायच्या. आवाज कमी व्हायचा. भाऊ अजून आपलं ऐकतो, याचं त्यांना मनातून बरं वाटायचं. आणि खाली ही पोर वाट बघत असायची, आत्या कधी ठोकते याची.

"कुणाला सांगू नकोस हं," भिंगरी म्हणाली. "बाबा नंतर रडतात."

बाई हो म्हणाल्या नाहीत. नाही म्हणायचंही धाडस झालं नाही. "तुझी काही चूक नाही, बाळा," एवढंच म्हणाल्या.

व्हरांड्यात येऊन त्यांनी भावाचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. घरच्यांना आधी विचारायचं नाही, कारण मूल संध्याकाळी त्याच घरात परत जातं. नव्या शिक्षिकांना हे समजावून सांगायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्या तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून चष्मा काढला. "सख्खा भाऊ आहे तुमचा. एक दिवस विचार करा हवं तर."

"एक दिवस म्हणजे आजची संध्याकाळ, मोठ्या बाई. ती खाली असेल आणि मी वर. आत्ताच कळवा."

दुपारी बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या अधिकारी आल्या. डॉक्टरांनी तपासलं. पोरीला माझ्याकडे ठेवा, म्हणून बाईंनी हात जोडले. अधिकारी मऊ आवाजात म्हणाल्या, "एकच जिना आहे हो तुमचा." भिंगरीला दुसऱ्या गावी तिच्या आईच्या आईकडे पाठवायचं ठरलं. गाडीत बसताना ती रडली नाही. वळून फक्त म्हणाली, "बाई, माझं दप्तर वर्गात राहिलंय."

बाई. इतकं शिकवूनही जे कधी जमलं नव्हतं, ते तिला त्या दिवशी बरोबर जमलं.

संध्याकाळी भाऊ वर आला. शिव्या देईल, अंगावर येईल, असं त्यांना वाटलं होतं. तो उंबऱ्यातच खाली बसला.

"ताई, मला एकदा सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"थांबलो असतो."

"रोज थांबतच होतास की रे. आणि परत सुरू करत होतास."

तो ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. लहानपणी पडला-झडला की असाच रडायचा आणि ताई त्याला उचलून घ्यायची. आज त्या जागच्या हलल्या नाहीत. महिन्याभरात तो घर सोडून गेला. कुठे जातो ते बहिणीला सांगितलं नाही. चौकशीला मात्र हजर राहतो, समुपदेशकाकडेही जातो, असं अधिकाऱ्यांकडून कानावर आलं.

परीक्षा संपल्यावर बाई भिंगरीला भेटायला गेल्या. आजीनं चहा टाकला. "वजन वाढलं हो पोरीचं. आता झोपेत दचकत नाही."

"कुठे आहे?"

आजी ओशाळली. "तुम्ही येणार म्हटल्यावर शेजारी जाऊन बसलीये. दोनदा हाका मारल्या. लहान आहे, विसरेल."

भिंतीपलीकडून मुलांचा कालवा ऐकू येत होता. त्यात भिंगरीचा आवाज बाईंना लगेच ओळखू आला. कुणाशी तरी कडाकडा भांडत होती, डाव माझाच म्हणून.

"पुढच्या वेळी न कळवता या," आजी म्हणाली. "म्हणजे लपणार नाही."

"नको," बाई म्हणाल्या. "कळवूनच येईन. नको असलेल्या माणसापासून तिला लपता आलं पाहिजे."

त्यांनी चहा संपवला, भिंगरीसाठी आणलेले नवे बूट आजीच्या हातात दिले आणि पलीकडच्या दाराकडे न बघता गल्लीतून बसथांब्याकडे चालू लागल्या. वळणापर्यंत त्यांनी स्वतःला सावरून धरलं होतं.