किनाऱ्यावरची मोजणी

आमच्या साहेबांना शहराच्या किनाऱ्यावर चाळीस मजली हिरवा मनोरा उभारायचा होता. मजल्यामजल्यावर झाडं, माथ्यावर पवनचक्की. निधी देणाऱ्यांना चित्र पसंत पडलं, पण त्यांनी एक खुसपट काढलंच: आज त्या जागी रोज किती माणसं येतात? आकडा जितका लहान, तितका मनोऱ्याचा फायदा मोठा. अहवाल माझ्याकडे होता, म्हणून मोजणीही माझ्याच गळ्यात पडली.

आमच्या कार्यालयाची मोजणीची जुनी रीत आहे. रस्ता असो, गटार असो, आधी जागा मोकळी करायची, म्हणजे मोजणाऱ्यांना कुणाचा अडथळा नको. मी सवयीने त्याच छापील आदेशावर सही ठोकली. झालं! माणसं मोजायच्या दिवशी किनाऱ्याचं फाटक बंद. मोजणारे दोघं दिवसभर खुर्च्या टाकून बसले आणि अगदी प्रामाणिकपणे शून्य लिहून घेऊन आले.

घोळ लक्षात येताच मी साहेबांकडे गेले.

"सर, परत मोजू या."

"मुदत उद्या संपतेय. आणि शून्याहून चांगला आकडा कुठून आणणार आहेस?"

माझे वडील तिथे रोज सकाळी चालत. अर्धांगवायूनंतर तिथल्या कठड्याला धरून धरूनच त्यांचा पाय वर्षभरात पुन्हा उचलू लागला होता. एवढा लांब, सपाट कठडा आमच्या शहरात दुसरा नाही. हे सगळं ठाऊक असून मी अहवाल पाठवला. लाज वाटली, पण पाठवला.

महिन्याभरात निधी मंजूर झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि दुसऱ्याच दिवशी कामासाठी फाटकाला कुलूप लागलं.

संध्याकाळी घरी आले तर बाबा बूट घालूनच बसलेले.

"आज परत मोजणी होती वाटतं?" त्यांनी विचारलं. "मागच्या वेळी पंधरावीस जण पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होते. मीच सांगितलं, माझ्या मुलीचं काम आहे, आजचा दिवस घरी जा. बिचारे गेले मुकाट्याने. आजही परत पाठवलं सगळ्यांना. उद्या उघडतील ना?"

"नाही, बाबा. पाच वर्षं बंद राहणार आहे."

"कुणी ठरवलं?"

"अहवाल माझाच होता."

ते एका हाताने बुटाची नाडी सोडवू लागले. मी मदतीला वाकले, तर म्हणाले, "राहू दे."