पान एकशे बेचाळीसची दुरुस्ती

ते २०१८ साल. नट मानसिंगराव यांची जन्मशताब्दी त्याच वर्षी आली, म्हणून सालाबाबत माझी चूक व्हायची नाही. बाकीच्या चुका झाल्या, त्यांचीच ही गोष्ट.

मी दाक्षायणी. सोलापुरात बत्तीस वर्षं कॉलेजात संगीत नाटकाचा इतिहास शिकवला. आमच्या घरी कानडी बोलत. मराठी पदं मला आधी पाठ झाली, त्यांचा अर्थ मागाहून कळला. माझ्या लहानपणी मैदानात कनाती ठोकून नाटकं व्हायची आणि पदाला वन्समोअर मिळाला की मागचे गिरणी कामगार टोप्या उडवायचे. त्या आरोळ्या ऐकलेलं माणूस आयुष्यात दुसरं काही शिकवू शकत नाही.

मानसिंगरावांची कंपनी ही आमच्या जिल्ह्यातली अखेरची फिरती कंपनी. चाळिशीतही ते स्त्रीभूमिका करत. १९५८ सालचा त्यांचा एक प्रयोग गिरणीतल्या एका इंजिनिअरने टेप करून ठेवला होता. त्यात रुक्मिणीचं भीमपलासातलं पद आहे. ती टेप १९७९ साली माझ्या हाती आली आणि तिच्या जोरावर मी पुस्तक लिहिलं. पान एकशे बेचाळीसवर त्या पदाचं कौतुक आहे. पदाच्या वेळी मानसिंगराव ओठांवर पदर घेत, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं होतं. मी त्याला कुलीन लाजेचा अभिनय म्हटलं. टेपवर गाणं जवळून येतं आणि बोलणं लांबून. मी लिहिलं, ते पदासाठी रंगमंचावर पुढे येत. शिवाय तान ऐन भरात असताना कुणीतरी खोकतं. "प्रेक्षक खोकला तरी गवई ढळला नाही," हे वाक्य मी प्रत्येक वर्गाला ऐकवलं. माझ्या विद्यार्थिनी ओठांवर पदर धरून गायला लागल्या. ती सोलापूरची पद्धत म्हणून ओळखली गेली.

शताब्दीनिमित्त माढ्यात माझं व्याख्यान होतं. टेप वाजवली, खोकला आला, मी माझं वाक्य म्हटलं. शेवटच्या रांगेतून एक म्हातारी उठली.

"बाई, त्यो खोकला पिरेक्षकाचा न्हाय. मालकांचा हाय."

"कुठले मालक?"

"मानसिंग मालक. आनी तान माजी हाय."

सभागृह हसलं. मीही जरा वरच्या पट्टीत विचारलं, "आजी, तुम्ही तेव्हा केवढ्या होता?"

"सतरा वर्साची. आनी तुमी?"

"दहा."

"मग कुनाला जास्त ठावं आसंल?"

आता सभागृह माझ्यावर हसलं. म्हातारी बसली नाही. "मायक कुटं हुता त्येवडं सांगा की. बुकात लिवलंय का?"

लिहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

"विंगेला बांदला हुता, माज्या डोस्क्यावर. म्हनून गानं जवळ येतंय आन् बोलनं लांब."

तिचं नाव चिमाबाई. मी घरी येऊन कानाला हेडफोन लावला आणि चाळीस वर्षं ऐकलेली टेप पहिल्यांदा ऐकली. खोकल्याच्या शेवटी घशातून एक घोगरा "हं" निघतो. पद संपल्यावर मानसिंगराव पहिलं वाक्य बोलतात, त्याच्याआधी तोच "हं" आहे. तान घेता घेता खोकणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तो खोकला प्रेक्षकाचा, यावर माझ्यासारखी शिकलेली बाईच विश्वास ठेवू शकते.

मग आठवलं, १९८० साली मी मानसिंगरावांची मुलाखत घेतली होती. त्या तानेची तारीफ केली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. वहीत मी लिहून ठेवलंय: अत्यंत विनयशील.

चिमाबाईंचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. अंगणात खाटेवर बसून त्यांनी सांगितलं. खाली काठावर पाणी उपसायच्या मोटारी चालू होत्या, त्यामुळे त्या मोठ्यानेच बोलत होत्या. वडील शिवू, कंपनीचे आचारी. तालमी ऐकून ऐकून पोरीला सगळी पदं आली. सत्तावन्न साली मानसिंगरावांचा घसा गेला. नवीन गाणारी ठेवायची तर प्रेक्षक येणार ते मानसिंगरावांसाठी. तेव्हा पहिल्या विंगेत कपड्यांच्या पेटीवर चिमाला बसवलं.

"त्ये पदर धरून तोंड हलवायचे, मी गायाची. चार वर्सं. एका मानसाला कळलं न्हाय."

"इतकी वर्षं गप्प का राहिलात?"

"ते जित्ते हायेत तवर सांगायचं न्हाय म्हनून शपत हुती. मग सासरला नाटकवाली म्हनलेलं चाललं नसतं. आता मालक गेले, आमचं कारभारीबी गेलं. आता कुनाला भ्यायाचं?"

"मी पुस्तक दुरुस्त करते."

"नाव पुरं घाला. चिमा शिवू. बापाच्या हातची आमटी समद्यांच्या ध्यानात हाय, नाव कुनाच्या न्हाय."

पुढच्या आठवड्यात मानसिंगरावांचे चिरंजीव उदयसिंह माझ्या घरी आले. शताब्दीला माझ्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती त्यांचा ट्रस्ट काढणार होता. सोबत दिपाली होती, माझी विद्यार्थिनी आणि माझ्या जागेवर आता विभाग चालवणारी. विभागाच्या तालमी ट्रस्टच्याच हॉलमध्ये होत.

उदयसिंहांनी चहा बाजूला सारला. "मॅडम, माढ्याची बातमी आली माझ्याकडे. म्हाताऱ्या माणसांना भास होतात."

"मलाही झाला होता. चाळीस वर्षं."

"आबांचं नाव पुसणार तुम्ही?"

"नाही. दुसऱ्याच्या गळ्यावर त्यांनी चार वर्षं असा अभिनय केला की संबंध जिल्हा फसला. एवढा मोठा नट आपल्याकडे झाला नाही, हे लिहिणार आहे. आणि गाणं चिमाबाईंचं, तेही."

"मग आवृत्ती निघणार नाही. हॉलचंही बघावं लागेल."

दिपालीचा चेहरा उतरला. ते गेल्यावर ती मागे थांबली. "मॅडम, नऊ मुलं आहेत माझ्याकडे. हॉल गेला तर कॉलेज विभाग बंद करायला टपलेलंच आहे. पुढच्या वर्षी लिहा ना."

"चिमाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत, दिपाली."

"आणि माझी मुलं वीस वर्षांची."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी दोन दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल. पण त्या नऊ मुलांना आम्ही शिकवणार तरी काय होतो? खोकला?

आवृत्ती ट्रस्टच्या हातात होती, पण जुनी पुस्तकं जिल्ह्याच्या वाचनालयांत होती. मी चिठ्ठ्या छापून घेतल्या: "या पानावरचा मजकूर चुकीचा आहे. हे पद विंगेतून चिमा शिवू यांनी गायलं. अभिनय आणि खोकला मानसिंगरावांचा. चूक माझी. दाक्षायणी." डिंकाची बाटली घेतली आणि एसटीने फिरायला लागले.

शहरातल्या एका वाचनालयात कुमार नावाचे ग्रंथपाल धावत आले. "मॅडम, पुस्तकात काही चिकटवायला बंदी आहे!"

"मग माझं कार्ड जप्त करा. तोवर हे वाळू दे."

त्यांनीच फोन केला असावा. अर्ध्या तासात उदयसिंह दारात उभे. वाचत बसलेल्यांनी पेपर खाली केले.

"हे काय चाललंय?"

"डिंक लावतेय."

"एका आचाऱ्याच्या पोरीसाठी स्वतःच्या जन्माची कमाई मातीत घालताय."

"कमाई तिची होती. मी वापरली."

"लोक म्हणतील, बाईंना म्हातारचळ लागला."

"म्हणू देत. फक्त पान उघडून म्हणू देत."

त्यांनी पुस्तकाला हात घातला. मी सोडलं नाही. सत्तर वर्षांच्या बाईशी चारचौघांत ओढाओढ करणं त्यांना जमेना. पेपर वाचणारा गिरणीतला एक निवृत्त जॉबर म्हणाला, "साहेब, चिठ्ठी ओली हाय, सोडा की. फाटंल." उदयसिंहांनी हात काढला आणि निघून गेले. मी पान मिटून वर हात दाबून धरला.

शताब्दी समारंभ माझ्याशिवाय झाला. हॉल गेला. विभाग २०२१ मध्ये बंद पडला, त्याआधी तिन्ही वर्षं दिपालीने मुलांची तालीम कॉलेजच्या सायकल स्टँडखाली घेतली. आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. आता ती अक्कलकोटला शाळेत मराठी शिकवते आणि रविवारी सहा मुलींना पदं. त्या मुली तोंड उघडं ठेवून गातात.

उदयसिंहांनी स्मरणिकेत माझं जुनं पान जसंच्या तसं छापलं. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मी भेटायला गेले होते. सुनेने पाणी दिलं, बसा म्हटलं नाही.

कुमार यांनी माझं कार्ड जप्त केलं, ते अजून त्यांच्याकडेच आहे.

चिमाबाई २०२३ च्या फेब्रुवारीत गेल्या. त्याआधी मी चिठ्ठी लावलेली एक प्रत त्यांना नेऊन दिली होती. त्यांना वाचता येत नव्हतं. सुनेकडून त्यांनी बापाचं नाव तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "लई बारीक छापलंय."

मी सत्त्याहत्तर पूर्ण केली. एकूण त्रेसष्ट प्रती झाल्या. अकरा ठिकाणी चिठ्ठ्या फाडल्या गेल्या, तिथे पुन्हा लावून आले. बार्शीच्या एका वाचनालयात दोनदा फाडली. गुरुवारी तिकडे जायचं आहे. या खेपेला चिठ्ठी मोठ्या अक्षरात छापून घेतली आहे.