पांढऱ्या लाव्याची आई

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. जुनी म्हणजे इतकी, की आता माझा रस्सासुद्धा धड होणार नाही. म्हणून तर ही हकिकत सांगायला उरले आहे.

माझा जन्म इंदुरातल्या जुनी इंदूर मोहल्ल्यात, कृष्णरावांच्या परसात झाला. कृष्णराव दरबारच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होते. संस्थान गेलं, मध्यभारत आला, घोडा गेला, पण मिशांचा पीळ काही गेला नाही. मी अंगानं अगदी चिमुकली. माझं अंडं हातात घेऊन त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणायच्या, "हे अंडं आहे की आवळा?" त्यात मला सारखं खुडूक व्हायची खोड. अंडी घालायची सोडून मी नुसती उबवायला बसून राही, खाली काही नसलं तरी. खुडूक मोडावी म्हणून द्वारकाबाईंनी मला गार पाण्यात बुचकळलं, नाकात पीस अडकवलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मी तर चांगली जिवंत होते. मला पिल्लं हवी होती, दुसरं काही नको होतं.

एका वर्षी पोळा झाल्यावर देपालपूरहून तुकोजी आले. पूर्वी ते कृष्णरावांच्या घोड्याची देखभाल करत. आता गावी शेती करत होते. त्यांनी हळूच पागोटं उतरवून पुढे केलं. आत लाव्याची अंडी होती, ठिपक्याठिपक्यांची.

"दफेदारसाहेब, बटेरची अंडी आहेत. घास काटताना घरटं विळ्याखाली आलं. माय उडाली ती परत आलीच नाही. फेकायला जी नाही झाला."

एवढ्याशा अंड्यांवर थोराड कोंबडी बसती तर चुराच झाला असता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा लहानपणा कुणाच्या तरी कामी आला, तो असा. मी त्या अंड्यांवर बसले आणि दाण्यालासुद्धा नाइलाजानं उठू लागले.

माझ्या हिशेबाच्या आधीच पिल्लं बाहेर आली. भुंग्याएवढी होती ती! तपकिरी, पाठीवर पिवळसर पट्टे. पण दोन मात्र वेगळीच निघाली. अंगावर एक पट्टा नाही, नुसता दुधावरच्या सायीचा रंग. मला वाटलं, यांना थंडी जास्त वाजत असेल. म्हणून मी त्यांना पोटाशी आत घेतलं.

द्वारकाबाईंनी कांगणी, म्हणजे राळे, कुटली, अंडं उकडून बारीक केलं. (ते माझ्या बहिणीचं होतं, पण पिल्लांपुढे बहीण कसली!) पाण्याच्या ताटलीत त्यांनी खडे भरले, म्हणजे पिल्लं भिजायची नाहीत. आणि कृष्णराव? ते तर दिवसभर डालग्यापाशी उकिडवे बसत.

"सफेद बटेर!" ते येईल त्याला सांगत. "सारी उमर ऐकत आलो, आता घरात निकलली."

बातमी गल्लीत पसरली आणि एका सकाळी प्रतापराव आले. तेही रिसाल्यातले, कृष्णरावांचे जुने दोस्त, आणि पाखरांच्या शौकात जुने प्रतिस्पर्धी. त्यांच्यामागून चार शेजारीही आत आले. प्रतापरावांनी एक पांढरं पिल्लू उचलून उजेडात धरलं.

"कृष्णरावजी, बुरा नका मानू. मेळ्यात मुनिया चिमण्या रंगवून विकतात ना, हे वैसंच काम दिसतं."

शेजारी हसले. कृष्णरावांचा चेहरा लाल झाला. "आमच्या घरात खोटं काम होत नाही, भिया. अगं, कोमट पाणी आण, अन् रिठे पण आण. सगळ्यांसमोर धुऊन दाखवतो."

"अहो, राहू द्या ना," द्वारकाबाई म्हणाल्या. "पिल्लू गारठेल."

"इथं इज्जतीचा सवाल आहे."

मला डालग्याखाली कोंडलं. माझी दोन्ही पांढरी पिल्लं रिठ्याच्या फेसात बुडाली, चोळली गेली. मी ओरडले, डोकं आपटलं. कोंबडी ओरडतेच, त्यात काय, असं सगळ्यांना वाटलं असेल. रंग काही गेला नाही. प्रतापरावांनी मान डोलावली, कृष्णरावांना मिठी मारली. मग ओसरीवर चहा झाला, रिसाल्याच्या गोष्टी निघाल्या. ओली पिल्लं फडक्यावर तशीच राहिली.

द्वारकाबाई चहाचे कप ठेवून धावत आल्या आणि दोघांना माझ्या पंखाखाली सारलं. एक हळूहळू थरथरायला लागलं, मग चिवचिवलं. दुसरं हललं नाही. मी त्याला किती वेळ पोटाशी धरून बसले. ऊब देणं ही एकच गोष्ट मला येते, आणि तीही उपयोगी पडली नाही.

"झालं ना सिद्ध?" द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या.  कृष्णरावांनी स्वतः पेरूच्या झाडाखाली खड्डा खणला.

तपकिरी पिल्लं उडायला लागली तशी तुकोजींनी ती देपालपूरच्या माळावर सोडली. पांढऱ्याला सोडता येईना. हिरव्या गवतात ते शिक्रा पक्ष्याला लांबून दिसलं असतं. ते माझ्याजवळच वाढलं, चांगलं टपोरं, कापसासारखं पांढरं झालं.

मग एक दिवस सियागंज बाजारातले पाखरांचे एक शौकीन शेठजी आले. बरोबर माणसं होती, प्रतापरावही होते. शेठजींनी पाखराकडे पाहून विचारलं, "दफेदारसाब, असली है क्या? जरा हात में तो दो, धोकर देखते हैं।"

कृष्णराव डालग्यासमोर आडवे उभे राहिले. मिशीवर गेलेला हात त्यांनी खाली घेतला.

"असली कहाँ, भिया," ते म्हणाले. "चुना फासलाय मी."

शेठजींची माणसं तोंडावर हसली. शेठजींनी विश्वास बसेना म्हणून प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापरावांनी तर ते पिल्लू रिठ्याच्या पाण्यात डोळ्यांनी पाहिलेलं. ते खाली मान घालून म्हणाले, "हां. चुनाच आहे."

सगळे निघून गेले. ते चार शेजारी सोडले, तर उभ्या जुनी इंदूरमध्ये दफेदार खोटारडे ठरले. त्या दिवशी त्यांनी डालगं उचललं आणि खूप वेळ माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. मी मात्र त्यांना माफ केलं, मित्रांनो.

तुम्हाला कुठे वेगळ्या रंगाचं पिल्लू दिसलं, तर खुशाल बघा, पण लांबून बघा. खरं-खोटं नंतर ठरवता येतं. आधी त्याला आईच्या पंखाखाली जाऊ द्या.