हरवलेली तांबी

डॉ. निर्मला भंगाळे यांनी दुर्बिणीची नळी सरावासाठी ठेवलेल्या ढोबळ्या मिरचीत सरकवली आणि टीव्हीच्या पडद्यावर बिया लिंबाएवढ्या दिसू लागल्या.

“सावकाश, मॅडम. आता चिमट्याने एकच बी उचला,” शिकवणारे डॉ. सोनवणे म्हणाले. ते त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते.

तिसऱ्या खेपेला बी चिमट्यात आली, तशा निर्मलाबाई शाळकरी मुलीसारख्या हसल्या. सावद्यात सव्वीस वर्षं बायकांचा दवाखाना चालवून त्या आता धुळ्याला, देवपुरातल्या या शिबिरात शिकायला बसल्या होत्या. गर्भाशयाच्या आतलं काम आजवर त्यांनी हाताच्या अंदाजानेच केलं होतं.

दुपारी पहिली खरी पेशंट आली, साक्रीकडची सुगंधाबाई. मुलगी झाल्यावर तिने तांबी बसवून घेतली होती. पुढे दुसरं मूल हवं म्हणून ती काढायला गेली, तर तांबीचा दोराच सापडेना. गळून पडली असेल, असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. पाच वर्षं झाली, दिवस राहिले नाहीत; सगळे तिलाच दोष देत राहिले. परवाच्या एक्स-रेत मात्र तांबी आतच दिसली.

जागा तेवढी बधिर केली होती. सुगंधाबाई पूर्ण शुद्धीवर होती. निर्मलाबाईंनी दुर्बीण आत घातली. पडद्यावर गुलाबी भिंत उजळली आणि तिला टेकलेली तांब्याची तार चमकली.

“माले बी दखाडा ना, बाई.”

सोनवण्यांनी टीव्ही तिच्याकडे वळवला. ती टक लावून पाहत राहिली.

“हाई शे का ती? आनि बठ्ठा म्हनेत, हिनामाच खोट शे!”

ती हसायलाच लागली.

“हलू नकोस गं,” निर्मलाबाई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आवरेना. चिमटा एकदा हुकला. दुसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून धरला आणि तांबी अलगद बाहेर आली. मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर सुगंधाबाईची सासू झुंबरबाई बसली होती. निर्मलाबाईंनी बाटलीतली तांबी तिच्या हातात दिली. म्हातारीने ती उजेडात धरली.

“इतलीशी?”

मग आत जाऊन तिने पदराने सुनेचं कपाळ पुसलं.

“चाल, घर चाल. मांडे करसू.”

चहा आला. जो तो निर्मलाबाईंचं अभिनंदन करत होता. त्यांनी कप तसाच ठेवला, ऑफिसात जाऊन सावद्याला फोन लावला.

“कुंदा सिस्टर, जुने केसपेपर काढ. तांबी गळून पडली असं मी ज्यांच्या कागदावर लिहिलंय, त्या सगळ्यांना सोमवारी बोलावून घे.”

“सगळ्यांना? आणि काय सांगू, मॅडम?”

“सांग, मॅडमना आता दिसतं.”